मोतोजी शिपाई आणि रिकामी पातेली

मोतोजी शिपाई गेला तेव्हा जपानच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या शाळेतली एकतीसच्या एकतीस पोरं धाय मोकलून रडली, आणि स्वयंपाकीण यासुएच्या पोटात दुखलं. फोटोसमोर उदबत्ती लावायला रांग पार मासळीबाजारापर्यंत गेली होती. काळे कपडे घालून यासुए शेवटी उभी होती आणि मनात म्हणत होती, मी मेले तर एवढी माणसं येतील का?

असं केलं तरी काय होतं या माणसाने? पानं झाडली, शेगड्यांत रॉकेल भरलं, छत्र्यांच्या काड्या सरळ केल्या. फाटकाच्या कडीला त्याने चार वर्षांत तेल दाखवलं नव्हतं! कुठल्या पोराची आजी आजारी आहे, कुणाचा बाप बोटीवर गेलाय, हे मात्र त्याला तोंडपाठ. पोरं रस्त्यात यासुएच्या अंगावरून धावत जायची आणि त्याच्या हाताला लोंबकळायची. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकवीस वर्षं यासुए शाळेचा स्वयंपाक करत होती. भुवयांपर्यंत टोपी, डोळ्यांपर्यंत मास्क. तिचा चेहरा पोरांनी पाहायचा कधी? जेवणाची खोली वरच्या मजल्यावर आणि ती खाली, भटारखान्यात. जेवण झालं की वाढपी पोरं पातेली खिडकीशी आणून द्यायची. उरलेलं अन्न रोज वजनकाट्यावर ठेवायचा नियम होता, आणि तिचा काटा कधी हलायचा नाही. तेवढंच तिचं सुख. एकदा तिने मोतोजीला सुनावलंही होतं, “जीव तुम्हाला लावतात, पण ताटं माझी चाटूनपुसून खातात हो!” म्हातारा नुसता हसला होता.

तो गेल्यानंतरच्या आठवड्यात समुद्री शेवाळ आणि गाजराची भाजी अर्धं पातेलं परत आली. दुसऱ्या दिवशी मासे. मग पुन्हा भाजी. पोरं दुःखात आहेत, अशी यासुएने मनाची समजूत घातली. चौथ्या दिवशी तिला राहवेना.

“काय गं कानोको, चव बिघडली का माझी?” तिने पातेलं घेऊन आलेल्या पोरीला विचारलं.

“नाही काकू. नेहमीसारखीच वाईट होती.”

“मग इतकी वर्षं कशी संपत होती?”

“मोतोजी आजोबा यायचे ना वर! आधी स्वतः खायचे, मग आम्ही. म्हणायचे, पातेलं रिकामं गेलं की खाली काकू गुणगुणतात. आम्ही जिन्यात उभं राहून ऐकायचो.” पोरीने पातेलं खिडकीत टेकवलं. “आता तुम्ही गुणगुणतच नाही.”

आपण गुणगुणतो, हे यासुएला माहीतच नव्हतं. ती तिथेच स्टुलावर बसली. एक सुख होतं, तेही या मेल्याचंच निघालं! तिला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर तिने डाव फेकून मारला असता.

दुसऱ्या दिवशी मास्क, टोपी, ॲप्रन सगळं काढून, चपला बदलून ती जिना चढली. खिडकीजवळ एक मोठी खुर्ची रिकामी होती. ती तिच्यावर बसली.

“ती आजोबांची जागा आहे,” शेजारचा मुलगा म्हणाला.

“माहितीये. म्हणूनच बसलेय.”

यासुएने भाजीचा घास घेतला. खाली ती नेहमी गरम भाजीच चाखायची. वर येईपर्यंत भाजी गार व्हायची आणि तिला मासळीच्या ओल्या जाळ्याचा वास यायचा. खरंच वाईट होती. आणि हा माणूस ती वर्षानुवर्षं हसत खात होता.

“किती खायचे तुमचे आजोबा?” तिने विचारलं.

“दोन वाट्या,” मुलगा म्हणाला.

“मला तीन वाढ,” यासुए म्हणाली, आणि पोरांसमोर तिला रडू फुटलं.