बुजवलेली रेघ

बुधवारी सकाळी साडेनऊला मी हरेश्वर सरांना माझ्या लिनोचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा, बुजवली तुमची वाकडी रेघ." ते त्यांना लागावं, असंच मला वाटत होतं. दुपारी वर्गाच्या ग्रुपवर त्यांच्या मुलीचा निरोप आला. सर पहाटेच गेले होते, झोपेत. निरोप मी चार वेळा वाचला आणि मग माझंच वाक्य वाचत बसले... त्यांच्या मुलीनं ते पाहिलं असेल का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात सर दर रविवारी लिनोचा मऊ, रबरासारखा तुकडा कोरून छापचित्रं करायला शिकवायचे. आम्ही आठजण, बहुतेक पन्नाशीतले, शाळा सुटल्यावर ब्रश न धरलेले. मी पार्ल्याची, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली आणि माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं अजिबात न खपणारी. सर खारदांड्याचे कोळी, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेले. गाळ्यात छपाईचं यंत्र होतं, पण पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला स्टीलच्या वाटीच्या बुडानं कागद घासून छापायला लावलं. "हाताला कळू दे ना आधी," म्हणायचे. कुणाच्या कामाला ते स्वतः हात लावत नसत. मी वैतागून "दाखवा ना कोरून" म्हटलं, तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

शेवटच्या महिन्यात त्यांनी एकाच लिनोवर तीन रंग शिकवायला घेतले. आधी पिवळा छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून केशरी, पुन्हा कोरून काळा. कोरलेल्या जागी आधीचा रंग राहतो, आणि एकदा कोरलं की परत फिरता येत नाही. मी खारदांड्याला वाळत घातलेले बोंबील काढले होते, एकदा चक्कर मारून आले त्या आठवणीवरून. काळं आकाश आणि त्यात केशरी बोंबलांची रांग. सगळं कोरून झालं होतं, फक्त काळा छापायचा राहिला होता. पाणी प्यायला उठले आणि परत आले तर सर माझ्या खुर्चीत, हातात माझी कोरणी, आणि माझ्या आकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ.

"सर, हे माझं चित्र आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" सगळा गाळा माझ्याकडे बघायला लागला. सर अगदी कानकोंडे झाले. "चुकलं गं. राहवलं नाही." पुढे काही सांगणार होते बहुतेक, पण मी लिनो उचलला आणि निघाले. घरी लाकडाची पुट्टी आणून ती रेघ भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरनं घासून सपाट केली. इतक्या सफाईनं की मला माझंच कौतुक वाटलं.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेले. झालेलं सांगून माफी मागायची म्हणून लिनो बरोबर नेला होता. वहिनींचा जन्म मासळी सुकवण्यात आणि विकण्यात गेलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लिनो हातात घेऊन खिडकीशी धरला. "छान केलेस गं बोंबील," म्हणाल्या. मग सहजच, "पण टांगलेत कशावर? दोरी कुठाय यांची?"

मी लिनो परत पिशवीत घातला. माफी मागायची राहूनच गेली...

घरी येऊन सुईनं पुट्टी उकरायला बसले. दोन दिवस लागले. जसजशी ती निघत गेली, तसतशी रेघ दिसायला लागली. ती मध्ये हलकेच झुकलेली होती आणि प्रत्येक बोंबलापाशी जराशी खाली दबलेली, ओल्या मासळीच्या वजनानं दोरी दबते तशी. मी पाण्याचा ग्लास विसळून येईपर्यंत त्यांनी हे सगळं कोरलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परवा रविवारी काळा छापला. आधी पिवळा-केशरी छापून ठेवलेल्या सहाही कागदांवर बोंबील नीट टांगलेले आहेत. खाली उजव्या कोपऱ्यात, ज्याचं चित्र त्यानं पेन्सिलीनं सही करायची असते. ती मी एकावरही केलेली नाही.