सप्रेम भेटीचा पत्रा

आपल्याकडे दान देणाऱ्याला वस्तूपेक्षा तिच्यावरच्या नावाची काळजी अधिक असते. शाळेतले घड्याळ बंद पडलेले चालते. त्याच्या काचेवरचे ‘यांजकडून सप्रेम भेट’ पुसट झालेले चालत नाही. पंख्याच्या पात्यांवर नाव, सतरंजीच्या काठावर नाव, धर्मशाळेतल्या घंगाळावर नाव. या हव्यासाची मला पूर्वी गंमत वाटे. १९७४ च्या शरदोत्सवानंतर किळस वाटू लागली. आणि रुपराव रामटेके यांच्याविषयी लिहायचे तर त्या किळसेपासूनच आरंभ करणे भाग आहे.

रुपराव आमच्याच शहरातल्या इंदोरा वस्तीत राहत. वडील गिरणी कामगार होते. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी रुपराव अकरा वर्षांचे होते. त्या दिवसाविषयी बाकीचे लोक गर्दीबद्दल बोलतात. रुपराव आपण ज्या खांबाखाली उभे होतो त्यावरच्या लाऊडस्पीकरबद्दल बोलत. इतक्या दुरून माणसाचा आवाज माणसासारखाच कसा येतो, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला आणि पुन्हा सुटला नाही. नववीनंतर शाळा संपली. सदर बाजारातल्या एका दुकानात ते रेडिओ दुरुस्त करू लागले.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्या काळी धंतोलीतल्या आमच्या कलामंडळाच्या वाद्यवृंदात हौसेने इलेक्ट्रिक गिटारही वाजवत असे. गिटार कलकत्त्याहून मागवलेली होती, पण मंडपवाल्याच्या भाषणाच्या मशीनला जोडली की भोंग्यातून असा आवाज निघे की पन्हाळीत कोंबडी अडकली असावी. श्रोते टाळ्या वाजवीत, कारण आवाज मोठा असे. मोठा म्हणजे चांगला, ही आपल्या उत्सवांची एकमेव संगीतविषयक जाण आहे.

अशाच एका कार्यक्रमानंतर एक सडपातळ तरुण गृहस्थ रंगमंचामागे आले आणि म्हणाले, “सर, गिटार वाईट नाही. तिले तोंड चुकीचं देल्लं तुमी.”

पुढले दीड वर्ष माझी गिटार माझ्यापेक्षा रुपरावांकडेच अधिक राहिली. तारा ज्या घोडीवर टेकतात ती पातळ पत्र्याची होती. तिच्या जागी त्यांनी भरीव पितळेची घोडी घासून बसवली. खुंट्यांचे दाते झिजून तारा दर गाण्याला उतरत, त्या बदलल्या. तारांची थरथर टिपणारा जो चुंबक असतो, ज्याला वादक पिकअप म्हणतात, त्याच्यावरची तार उलगडून केसासारखी बारीक तांब्याची तार त्यांनी आईच्या शिलाई मशीनचे चाक फिरवून नव्याने गुंडाळली. एकदा साडेचार हजाराव्या वेढ्याला तार तुटली. शिवी दिली नाही. पहिल्यापासून सुरुवात केली.

मग अ‍ॅम्प्लिफायर. मोडीतल्या रेडिओग्रामचे दोन मोठे व्हॉल्व्ह, हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि मी आणून दिलेला बारा इंची स्पीकर. परीक्षक एकच होत्या: रुपरावांच्या मातोश्री तुळसाबाई. त्या अंगणात तांदूळ निवडत बसत आणि मी आत वाजवीत असे.

“आज काहून गा ताक पातळ झालं?” त्या सुपावरून मान न उचलता विचारीत. रुपराव कुठलासा कंडेन्सर बदलीत. पंधरा मिनिटांनी निकाल येई, “आता घट्ट झालं, पण आंबट लागून राहिलं.”

मी त्यांना ध्वनीच्या उपस्वरांचा सिद्धांत समजावून सांगण्याचा एकदा प्रयत्न केला. रुपरावांनी आदराने ऐकून घेतला आणि म्हणाले, “बरोबर आहे सर. पण मायले विचारू.” जवळजवळ चार महिन्यांनी एका दुपारी तुळसाबाईंनी सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “आता बोलून राहिली वं बाई.” बोलत होती ती गिटार.

आता हवी होती पेटी. मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव यांची लाकडाची वखार होती. त्यांनी सागवानाच्या सहा फळ्या दिल्या. एवढेच दिले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पेटी रुपरावांनी स्वतः रंधा मारून जोडली. पुढच्या बाजूला स्पीकरपुढे फक्त विरळ कापड ताणले, कारण सूर तिथूनच बाहेर पडायचे. त्या पेटीवर कुठेही त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही.

शरदोत्सवाला जबलपूरच्या एका मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना आपल्या वादकांसाठी असे चार अ‍ॅम्प्लिफायर हवे होते. मी पत्राने रुपरावांचे नाव कळवले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते, की कानाने ऐकून त्याच संध्याकाळी सांगतो. चार पेट्यांचे काम मिळाले तर रुपराव दुकानातली नोकरी सोडून घरच्या ओसरीत स्वतःचे काम सुरू करणार होते. ओसरीला त्यांनी चुनाही दिला होता.

सकाळी आम्ही पेटी मंडपात पोचवली. सायंकाळी पाच वाजता परत आलो, तेव्हा स्पीकरच्या कापडावर, बरोबर मध्यभागी, हातभर लांबीचा पत्रा आडवा, दोन्ही टोकांना सागवानी चौकटीत चार खिळ्यांनी ठोकलेला होता. पिवळ्यावर लाल अक्षरे: ‘श्री. मनोहरराव यांजकडून सप्रेम भेट’. पेंटरने अक्षरांना सावलीही दिली होती.

अध्यक्ष पुढच्या खुर्च्या लावून घेत होते. रुपराव हात जोडून त्यांच्यापाशी गेले. “साहेब, हा पत्रा आवाजाच्या तोंडावर आला जी. वर ठोकू का?”

“वर कोण पायते? लोकं खुर्चीवर बसतात का छपरावर?”

“मंग बाजूले ठोकतो.”

“बाजूले पडदा आहे. फोटोवाला समोरून फोटो काढते. काहून, माह्या नावानं खोकला येते का तुह्या डब्याले?”

भोवतीचे कार्यकर्ते हसले. अध्यक्ष विनोद करतात तेव्हा हसणे हे आमच्या मंडळात सभासदत्वाचे पहिले कर्तव्य होते.

मी म्हणालो, “मनोहरराव, पत्रा थरथरेल. खालच्या सुरांना खरखर येईल.”

“सागवान आहे प्रोफेसर. सागवानावर ठोकलेला पत्रा हालत नसते. तुमी पुस्तक पाहा, लाकूड मी पायतो.”

मनोहरराव आमच्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर होते आणि माझ्या बढतीचा कागद त्या महिन्यात त्यांच्यापुढे जायचा होता. मी गिटार घेऊन सूर लावायला गेलो.

पडद्यामागे रुपरावांनी पिशवीतून पक्कड काढून माझ्यापुढे धरली. “चार खिळे आहेत सर. मी काढले तं मले हाकलतीन. तुमी काढले तं म्हणतीन, सरांले समजत असन काही.”

“कार्यक्रम होऊ द्या,” मी म्हणालो, “मग आपण नीट बोलू त्यांच्याशी.”

त्यांनी पक्कड पिशवीत ठेवली.

पहिल्या गाण्यात मी खालच्या तारेला हात लावला आणि पत्रा बोलू लागला. दीड वर्ष घडवलेल्या त्या सुरावर माशी घोंघावत बसावी तसा तो प्रत्येक खर्जाला घरघरत होता. वरचे सूर कापडातून बाहेर यायचे ते पत्र्यावर आपटून मागे फिरत होते. पुढच्या रांगेत मनोहरराव जबलपूरच्या पाहुण्यांना बोट करून काही दाखवीत होते. मला वाटले, वाद्य दाखवीत असतील. ते नाव दाखवीत होते.

पाहुण्यांना रात्रीची गाडी गाठायची होती. दुसरे गाणे संपताच ते उठले, विंगेपाशी येऊन सभ्यपणे माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “डिब्बा झनझनाता है, प्रोफेसर साहब.” रुपराव माझ्यामागे तीन हातांवर उभे होते. पाहुणे हार सांभाळीत मंडपाबाहेर गेले.

तेव्हा रुपराव रंगमंचावर आले. हजारभर लोकांसमोर पेटीपुढे गुडघे टेकून त्यांनी चारही खिळे एकेक करून उपटले, पत्रा सुलटा, अक्षरे वर करून, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाले, “वाजवा.”

मी वाजवले. तो सूर कसा होता हे सांगायला माझ्या शास्त्रात शब्द नाहीत. जाड होता पण जड नव्हता. जोर दिला की किंचित फाटे, आणि ते फाटणे मोठ्या गवयाच्या गळ्यातल्या खरखरीसारखे गोड लागे. मंडपात कुजबुज थांबली. मागच्या बाजूला शेंगदाणेवालाही उभा राहिला. दीड अंतरा झाला असेल, तोच एका कार्यकर्त्याने अध्यक्षांची मान हलताना पाहून पेटीची वायर खेचली. रुपरावांना दोघांनी दंडाला धरून खाली नेले. उरलेला कार्यक्रम मी भोंग्याला गिटार जोडून वाजवला. होय, वाजवला. टाळ्याही मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी पत्रा पुन्हा ठोकला गेला, या वेळी सहा खिळ्यांनी. पेटी मंडळाच्या मालकीची ठरली. माझी बढती झाली.

आठवड्याने मी इंदोऱ्याला गेलो. चुना दिलेली ओसरी रिकामीच होती. रुपराव दुकानातून घरी आणलेल्या कुणाच्या तरी रेडिओत डोके घालून बसले होते.

“रुपराव, माझ्यासाठी एक पेटी करा,” मी म्हणालो. “सगळे सामान मी आणतो. मंडळाचा संबंध नाही. घरी वाजवीन.”

“नाही सर.”

“का?”

त्यांनी डाग देण्याची तापलेली कांडी स्टँडवर ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. “बनवाले काही नाही जी. पण उद्या तिच्यावरबी कोणी पत्रा ठोकला, तं तुमी वाजवत राहाल.”

तुळसाबाईंनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न पाहता आत गेल्या. रुपरावांनी रेडिओ चालू केला, बातम्यांचा आवाज स्वच्छ आला, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडू लागले. मी चहा संपवून निघालो.