फूल चोरीला गेलं की पास

शरयूताईंशी माझी ओळख झाली ती चोर म्हणून. अंबरनाथ पश्चिमेला मी नवीनच राहायला आले होते. सकाळी फिरून येताना सोसायटीच्या गेटजवळ केशरी जास्वंद दिसली. इकडेतिकडे पाहिलं आणि देवाला म्हणून एक फूल खुडलं. मागून आवाज आला, "सापडलात!" वळून बघते तो पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बाई चक्क टाळ्या वाजवतायत. "घ्या, घ्या, अजून एक घ्या! झाड पास झालं!"

ताई मोरिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होत्या. रिटायर झाल्या, पण खोड काही गेली नाही. उल्हासनगर कॅम्प दोनमधला एक नर्सरीवाला जास्वंदीच्या नव्या जाती विकायला काढण्याआधी त्यांच्याकडे पाठवायचा. कॅटलॉगमधल्या फोटोंवर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता. "फोटोत काय, मीसुद्धा सुंदर दिसते," म्हणायच्या. झाड वर्षभर गेटजवळच्या मातीत. उन्हाळ्यात लाड नाहीत, पांढरी कीड लागली तरी औषध नाही. यातून फुललं तरी शेवटची परीक्षा बाकीच. "फुकट असून ज्याला कुणी हात लावत नाही, ते विकत कोण घेणार गं?" नर्सरीवाल्याचा फोन यायचा, "मॅडम, चोरी हुआ क्या?"

मग ताईंनी स्वतःच दोन जास्वंदींचा संकर करून एक जात तयार केली. पिवळीधमक, मधोमध डाळिंबी. उन्हाळा काढला, पाऊस काढला, भरभरून फुलली. पण चोरी होईना! अख्ख्या सोसायटीला ठाऊक, ही ताईंची लेक. लोक कौतुकाने फोटो काढत आणि हात मागे बांधून निघून जात. बाहेरच्या कुणी हात पुढे केलाच तर वॉचमन हटकायचा. संध्याकाळी मिटलेली फुलं वेचताना ताईंचा चेहरा अगदी एवढासा होई.

"आपका ही है, ऐसे ही पास करो ना," नर्सरीवाला म्हणाला. ताई भडकल्याच. "माझी म्हणून सवलत? मग इतकी वर्षं दुसऱ्यांची नापास केली ती कशाला?"

मला राहवेना. एका सकाळी मीच हात घातला. वरच्या खिडकीतून ओरडा आला, "ठेव खाली! ओळखीचा चोर चालत नाही!"

गणपतीच्या दिवशी सकाळीच माझ्या दाराची बेल कुणीतरी दाबूनच धरली. दारात ताई, धापा टाकत, डोळ्यांत पाणी. "अगं, गेली! सगळी गेली! कळीसुद्धा ठेवली नाही मेल्याने!"

वॉचमन गणपतीसाठी गावाला गेला होता. कुणी अनोळखी आजोबा काठीला आकडा बांधून, पूर्ण तयारीनिशी आले होते. ताई जिन्याआड श्वास रोखून बघत राहिल्या. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना दारातच मिठी मारली.

"आता माझ्या गणपतीला वाहायला एक फूल उरलेलं नाही," डोळे पुसत ताई म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली आणून, "शेजारच्या सोसायटीत जास्वंद लावलीय म्हणे नवीन. चल, तपासून येऊ. पिशवी घे."