उजव्या डोळ्याची भिंत

भिलाईच्या जुनवानीतल्या नव्या प्लॉटवर नलूबाईंचं स्वयंपाकघर अडून बसलं होतं, आणि अडवणारा होता त्यांच्या नवऱ्याचा उजवा डोळा.

तेजराम कटरे पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून, जिथे रूळ बनतात तिथून, रिटायर झालेले. गोंदियाकडचा धानाचा बांध सोडून भिलाईत आलेल्या या माणसाने उभी नोकरी रुळाच्या टोकाशी उकिडवं बसून काढली. डावा डोळा मिटायचा, उजव्याने लांब नजर टाकायची आणि रूळ कुठे वाकला ते सांगायचं. रूळ सुटले, सवय सुटली नाही. शेजाऱ्याचं गेट असो की सुनेची रांगोळी, एक डोळा मिटूनच पाहणार.

ओमप्रकाश या छत्तीसगढी मिस्त्रीने स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत आणली, तसे तेजराम तिच्या टोकाशी उकिडवे बसले.

"मधातून फुगली. पाड."

ओमप्रकाशने ओळंबा सोडला. दोरी विटांना लगटून सरळ खाली आली. तेजरामांनी डोळा मिटून तीही तपासली.

"दोरीच वाकडी हाय तुही."

"कका, दोरी टेढ़गा कइसे होही?"

"रेल मिलवाल्याले शिकवतो काय बे?"

भिंत पाडली. दुसरी उभी राहिली, तीही फुगली, तीही पाडली. मग ओमप्रकाशने थापी धुतली, पोत्यात गुंडाळली आणि नलूबाईंना सांगितलं, आधी ककाचे डोळे दाखवा, मगच मी विटेला हात लावीन.

नलूबाई पोर्चमध्ये गॅस मांडून रांधत होत्या. वाऱ्याने ज्योत विझायची, वरणात विटांची भुकटी पडायची.

"चला डाक्टरकडे," त्या म्हणाल्या. "नाही तं उद्यापासून वीटच शिजवून वाढतो."

"माह्या डोळ्याले काय धाड भरली? टीव्हीत बॉलरचा पाय लाइनीभायेर गेला तं मले इथून दिसते."

ते खरंच होतं. टीव्ही ते दोन्ही डोळ्यांनी पाहत.

पद्मनाभपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टर यामिनींनी चौकटीचौकटींचा कागद पुढे धरला. "एक डोळा मिटा, काका. मधल्या ठिपक्याकडे पाहा."

डावा आपसूक मिटला.

"छपाई बेकार हाय, म्याडम. मधातल्या लाइनी वाकल्या."

"आता दुसरा मिटा."

इथे पंचाईत झाली. उजवा डोळा एकटा मिटणं तेजरामांना येईचना, मिटले की दोन्ही मिटायचे. शेवटी नलूबाईंनी त्याच्यावर तळहात दाबला. लाइनी सरळ झाल्या. तेजरामांनी तो हात बाजूला केला, परत ठेवला, परत बाजूला केला.

"कागद तोच हाय काय?"

"तोच."

तपासण्या झाल्या. यामिनी म्हणाल्या, "डोळ्याचा पडदा दिवसभर उजेड खातो, प्राणवायू खातो. त्यातून जी खराबी निघते, ती शरीर रोज साफ करतं. वय झालं की सफाई मागे पडते. वर तुमची बिडी."

"म्हंजे जंग लागला, रुळावानी."

"तसंच समजा. आणि आता पडद्याखाली पाणी झिरपतंय. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, एकदाच नाही, बरेचदा. उशीर केला तर मधली नजर जाईल. गेलेली परत येईलच असं नाही, आहे ती राखायची."

तापून लालभडक झालेल्या रुळाजवळ उभं राहणारा माणूस खुर्चीत मागे सरकला. "डोळ्यात सुई?"

"बिडी पेताना इचारलं होतं का डोळ्याले?" नलूबाई म्हणाल्या. "घ्या मुकाट्यानं. मले तुमच्या हाताले धरून फिराचं नाही."

म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. तेजरामांनी तो ऐकला आणि ते होय म्हणाले.

पहिली सुई टोचून घेतल्यावर चार दिवसांनी ते ओमप्रकाशच्या घरी गेले. बिडीऐवजी खिशात सौंफ होती.

"चल. भिंत उचल."

"अउ फेर टेढ़गा दिखही त?"

"दिसन. उजव्यानं दिसन. मी त्या डोळ्यानं पाहनार नाही."

ओमप्रकाश उठेना, पाडलेल्या दोन भिंतींचा हिशेब बाकी होता. "अउ ओ दू ठन, जेला गिरवा देस?"

तेजरामांनी रस्त्याकडे पाहिलं, सौंफ चघळली. ओमप्रकाशची बायको दारात येऊन उभी राहिली होती, बाजूच्या घरातलेही दोघं थबकले.

"त्या दोन्हीबी सरळ होत्या," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ओमप्रकाशने थापी शोधायला सुरुवात केली.