हाडांची विचारपूस

बदलापूर पश्चिमेत माणसाची विचारपूस त्याच्या हाडांपासून सुरू करणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आमच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहते. अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाई जिन्यात भेटल्या की "कसा आहेस?" म्हणत नाहीत; "हाडं काय म्हणतायत?" म्हणतात. लिफ्टला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. दोन्ही हातांतल्या पिशव्या सारख्याच जड हव्यात म्हणून मांजर्लीच्या भाजीवाल्याला त्या दुधी मधोमध कापायला लावतात. एकदा उल्हासनगरला मी त्यांच्याबरोबर पडद्यांचं कापड आणायला गेलो होतो. सिंधी दुकानदार अदबीनं म्हणाला, "बैठो ना, माताजी." बाई म्हणाल्या, "बैठने से हड्डी सो जाती है. आप भी उठो." सौदा होईपर्यंत तो बिचारा गादीशेजारी उभा होता.

बाईंचं म्हणणं असं, की हाड म्हणजे भिंतीतली सळई नव्हे. त्यात जिवंत पेशी असतात. अंगाचा भार पडला की त्यांना तो कळतो. मग त्या हाड मजबूत करायला लावतात, स्नायूंनाही निरोप धाडतात. भारच पडला नाही तर हाड विरळ होत जातं आणि स्नायू सुकतात. जिन्यात उभ्यानं हे इतक्यांदा ऐकलं होतं, की मी नुसती मान हलवायचो.

गेल्या वर्षी माझी आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालवायला सांगितलं होतं. पण उभं राहताना आई कळवळायची आणि मी तिला परत निजवायचो. चहा, जेवण, सगळं पलंगावर. तीन आठवड्यांत तिच्या पोटऱ्या पार वाळल्या.

एका सकाळी बाई न बोलावता आल्या.

"काकू, उठा."

"मला नाही जमायचं, बाई."

"आतल्या पेशींना जमतं. त्यांना वाटतंय, घर रिकामं झालं."

"अहो, दुखतंय तिला!" माझा आवाज चढला.

"डॉक्टरांनी चालवायला सांगितलंय ना? मग तू बाहेर बस."

त्या दिवशी आई चार पावलं चालली आणि बाईंना तोंडावर कसाई म्हणाली. बाई म्हणाल्या, "उद्या सहा." मग त्या रोज येत राहिल्या.

अडीच-तीन महिन्यांनी आईनं स्वतः चहा टाकला. बाहेरच्या खोलीत मी बाईंचे आभार मानायला लागलो, तेव्हा त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"माझ्या आईचंही हेच हाड मोडलं होतं," त्या म्हणाल्या. "अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो तेव्हा. मी शाळेत मुलांना सांगाडा शिकवत होते आणि घरी तिला जरा दुखलं की झोपवत होते. आठ महिने पायांना तेल लावलं रे. शेवटपर्यंत उभं नाही केलं एकदाही."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कप. तीन कपांसाठी तीन खेपा. चहा थोडा सांडत होता. आम्ही दोघंही उठलो नाही.