मिनूला आणायला औरंगाबादला गेलो तेव्हा

आईनं मला औरंगाबादला पाठवलं ते लेणी बघायला नव्हे, मिनूला घेऊन यायला. मिनू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला, वहिनी धारवाडची, मूळची कानडी, आणि मुकुंदवाडीत त्यांच्या शेजारच्या शमीमखालाची भाषा दखनी.

"घरात दोन भाषा, दारात तिसरी. पोर गोंधळणार नाही तर काय?" आई म्हणाली. "वर्षभर इथे राहू दे, नुसती मराठी ऐकू दे."

नाशिकहून सकाळची एसटी धरली. येवला, वैजापूर करत पोचेपर्यंत दुपार कलली. आता रस्ता सुधारलाय. पण स्वतःच्या गाडीनं निघालात तरी वैजापूरला चहाला थांबाच. शहरात शिरलो तेव्हा पहिली पाळी सुटली होती. रस्ताभर सायकलीच सायकली आणि दोन्ही बाजूंना नव्या शेडांचे चकचकीत पत्रे.

वहिनीनं दार उघडलं. "भावजी, लई उशीर झाला व्हय?" मराठी ती बाजारात, नळावर शिकलेली. तिच्या पदराआडून मिनू माझ्याकडे टकमक बघत होती.

जेवताना आईचा निरोप सांगितला. दादानं मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "सासूबाई दिवाळीला आल्या तेव्हाच बोलल्या होत्या. तवापासून मी पोरीशी कानडी बोलत नाय. पण भावजी, लाडानं बोलायचं तर मला मराठी सुचत नाय. मंग मी गप्पच बसते."

तरी दुसऱ्या दिवशी मिनूची पिशवी भरून आम्ही स्टँडवर गेलो. वहिनी मुलीचा हात सोडत नव्हती. चहावाला म्हणाला, "आज गाड्या नाय सुटनार भाऊ. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा हाय, समदं बंद." आम्ही चालत परत निघालो. वहिनी सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळतच.

दुपारी मोर्चेकऱ्यांचा एक जथा आमच्या रस्त्यानं गेला. निळे झेंडे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, आणि एकच घोष: "नामांतर झालंच पाहिजे!" खालाच्या कडेवर बसून मिनू डोळे विस्फारून ऐकत होती. संध्याकाळी वहिनीनं भात वाढायला थोडा उशीर केला, तशी मिनूनं मूठ वर करून ताटलीवर आपटली.

"पायजे!"

आम्ही गारच. दारात उभी खाला खो खो हसत म्हणाली, "क्या होना बेटी? दूध होना?"

"नक्को!" मिनू म्हणाली.

"हे कधीपासून?" दादानं विचारलं.

"मेरे घर में तो रोज बोलती. तुमकू मालूम नै?"

खरंच माहीत नव्हतं. घरात कुणी तिच्याशी बोलत नव्हतं, म्हणून तीही बोलत नव्हती.

रविवारी गाड्या सुरू झाल्या. दादाला सुट्टी होती. म्हणाला, जायच्या आधी वेरूळ तरी बघून जा. (मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.) वाटेत गरम हुरडा, गूळ आणि ठेचा खाल्ला. थंडीत गेलात तर हे चुकवू नका. बसमध्ये मी वहिनीकडून कानडी शब्द शिकायला लागलो. प्रत्येक शब्दाला "म्हणजे काय?" विचारायचो आणि पुढचा फाटा येईपर्यंत विसरायचो.

कैलास लेण्याच्या चौकात शिरलो. मिनू माझ्या खांद्यावर होती. एकदम लाथा झाडत ओरडली, "आने! आने!"

"काय आणू बाळा?"

"आने!"

वहिनीनं तोंडावर हात धरला. "आने म्हंजी हत्ती, भावजी. आमच्या कानडीत."

समोर दगडाचा हत्ती उभा होता, सोंड तुटलेला. मिनूनं वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. मला कळलं नव्हतं, हे तिला कळलं. माझी हनुवटी धरून तिनं सावकाश, समजावल्यासारखं सांगितलं, "हत्ती."

मी खांद्यावरून तिला उतरवलं. वहिनी तिथंच पायरीवर बसली, तिला मांडीवर घेतलं आणि कानडीत बोलत सुटली. इतके दिवस साठलेलं सगळं. मला एक अक्षर कळलं नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. दादा पाठ करून बराच वेळ कोरीवकाम बघत राहिला.

घरी परतताच मिनू शेजारी पळाली. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "खाला, बड्डा हाथी!" पोर गोंधळली नव्हती. समोर कोण आहे ते बघून ती शब्द निवडत होती.

मी एकटाच नाशिकला परतलो. आईनं दारातच विचारलं, "पोर कुठंय?"

"तिच्या आईजवळ. बोलतेय."

आईचा विश्वास बसला नाही. मला विचाराल तर त्या प्रवासातली शिल्पं आता धूसर झालीत. वहिनीचा त्या पायरीवरचा आवाज तेवढा स्पष्ट आहे.

उन्हाळ्यात सगळे नाशिकला आले. रिक्षातून उतरताच मिनूनं माझ्या आईकडे बोट करून वहिनीला कानडीत सांगितलं, "अज्जी!" मग आईकडे वळून म्हणाली, "आजी."

आई वहिनीला म्हणाली, "तिला घरात यायला सांग. कानडीतच सांग. मलाही ऐकू दे."