मावशीच्या बोटाची सही

यवतमाळ मागे पडलं आणि घाटंजीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस दिसू लागला. मध्येच तुरीचे पिवळे पट्टे. मावशीने खाली केलेली गाडीची काच वर केलीच नाही. सत्तरी ओलांडल्यावर तिला एकदा स्वतः नाव वल्हवायची होती. तिच्या मुलाने, सचिनने, पुण्यात बसून आम्हा दोघींचं ऑनलाइन बुकिंग केलं होतं.

तलाव तांड्याला (बंजारा वस्तीला) लागूनच. तिथे नावा चालवणाऱ्या कविताताईंनी लाइफ जॅकेट पुढे केलं आणि विचारलं, "मावशी, मोबाइलवरच्या हमीपत्रावर तुमीच सही केली ना?"

"कसलं हमीपत्र?"

"सचिनने केली असेल," मी म्हटलं.

"मंग नाही चालत." कविताताई हसल्या, पण जॅकेट मागे घेतलं.

मावशी उसळली. "म्हणजे सही त्याची आणि पाण्यात जाणार मी? आणा इकडे."

बाभळीखाली बसून, अक्षर मोठं करून तिने सगळं वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं. "'आमच्या चुकीने इजा झाली तरी आम्ही जबाबदार नाही.' हे मला मान्य नाही. तुमची नाव फुटकी निघाली तर?"

कविताताई गोंधळल्या. "दुसऱ्या कोनाचं पाहून टाकलं होतं, मावशी." त्यांनी यवतमाळात वकिली करणाऱ्या भावाला फोन लावला.

"मोबाइलवरची संमती कायद्यात चालते, ताई," स्पीकरवर तो म्हणाला, "पण ज्याची त्यानंच द्यावी लागते. अन् आपल्या हलगर्जीपणातून नुसत्या सहीवर सुटका होईल, असं धरून चालू नको."

"मंग ठेवू कायले?" कविताताईंनी ती ओळ पुसली, मग नाव उलटी करून तळही दाखवला. मावशीने बोटाने सही केली. वाकडीतिकडी, पण पूर्ण नावाची. मग मीही माझी केली.

नाव आधी नुसती गोल फिरली. मग मावशीला लय सापडली आणि ती थेट तलावाच्या मध्यावर. मी मात्र काठावर उतरताना घसरून चिखलात बसले. जेवायला रोडगे (निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि झणझणीत वांग्याची भाजी होती. "अजून एक घे, याडी (आई)," म्हणत कविताताई वाढत राहिल्या.

परतताना सचिनचा फोन आला. "काही त्रास नाही ना झाला?"

"खूप मजा आली," मावशी म्हणाली. "उद्या पांढरकवड्याच्या जंगलात जायचंय. तिथलं जे काही भरायचं असेल, ते माझ्या फोनवर पाठव."

काळजीपोटी आपण मोठ्यांचं किती काय परस्पर ठरवून टाकतो, हे त्यालाही तेव्हाच जाणवलं असावं. मग तो म्हणाला, "पाठवतो, आई. तूच ठरव."

मावशीने फोन ठेवला आणि ओल्या पदराने चष्मा पुसत, स्वतःशीच हसत राहिली.